बदली वाचक

१९८३ सालच्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, निमखेडचा निवृत्त एस.टी. कंडक्टर वसंत गुरव वारला, पण वाचनालयाचं एक जर्मन पुस्तक त्याच्याकडे अर्धं वाचायचं राहिलेलं असल्यामुळे त्याला जाता आलं नाही.

डॉक्टर सकाळीच येऊन गेले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांवर बॅटरी मारली आणि दाखला लिहिला. मृत्यूचं कारण हृदयक्रिया बंद पडणे, आणि खाली शेऱ्याच्या जागी 'पुस्तक बाकी'. नगरपालिकेच्या माणसाने तो शेरा वाचला, स्मशानाचा परवाना फाडायला उघडलेलं पावतीपुस्तक मिटलं आणि चहा घेऊन गेला. बांबू आणायला निघालेली माणसं कोपऱ्यावरून परत आली.

निमखेडला यात नवीन काही नव्हतं. तांबोळ्यांची म्हातारी गेली तेव्हा कादंबरीची तीन प्रकरणं राहिली होती. वाचनालयाच्या कागदावर जामीन सून होती, तिने भात शिजेपर्यंत ती वाचली आणि म्हातारी दुपारी मोकळी झाली. एका वकिलाकडे लोणच्यांचं पुस्तक राहिलं होतं, ते मुलाने मुरांब्यापर्यंत वाचून त्याच संध्याकाळी दिलं. अडचण झाली ती एकदाच, ताम्हणे मास्तरांच्या वेळी. मास्तरांकडे ज्ञानकोशाचा दुसरा खंड होता आणि त्यांचा जामीन नागपूरला बदलून गेला. डिसेंबरअखेर वाचनालयाची मोजदाद असते. तोवर खंड वाचून परत आला नाही, म्हणून तो गहाळ लिहिला गेला. पुस्तक गहाळ लिहिलं की वाचक कायमचा राहतो. मास्तर अजून नातवाच्या घरी खुर्चीत बसलेले आहेत. दिवाळीला त्यांना पुसून घेतात. दुसऱ्या खंडातलं काही विचारलं तर अजून बरोबर सांगतात, बाकी बोलत नाहीत.

वसंताचा जामीन रावजी घोडके होता.

रावजी एस.टी.त ड्रायव्हर होता. शिक्षण चौथी. वसंता आणि तो निमखेड-पाटणवाडी मुक्कामाच्या गाडीवर बरीच वर्षं एकत्र होते. जामीनकीच्या कागदावर रावजीने डेपोच्या आवारात, इंजिन चालू असताना, स्टिअरिंगवर कागद ठेवून सही केली होती. काय लिहिलंय ते त्याने वाचलं नव्हतं. वसंताने पुढे केलेला कागद वाचून पाहणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं.

तो त्याच दिवशी वाचनालयात गेला. ग्रंथपाल पाटणकरबाई खुर्चीवर चढून वरच्या फळीवरची धूळ झटकत होत्या.

"पुस्तक परत घ्या," रावजी म्हणाला. "आणून देतो."

बाई खाली उतरल्या. त्यांनी हात पुसले. "पुस्तक घेता येईल, घोडके. गुरवांचं काय करू?"

"दुसरं द्या त्याच्या नावावर. बारीकसं."

"मयताला पुस्तक बदलून देत नाही आम्ही."

मग कॉलेजातल्या एखाद्या प्रोफेसराला वाचू दे, असं रावजीने सुचवलं. बाईंनी कपाटातून कागद काढला आणि त्याच्या पुढे धरला. प्रोफेसर माणूस चांगला आहे, अडलं तर समजावून सांगेल, असं त्या म्हणाल्या. पण वाचायचं ज्याची सही आहे त्यानेच. मोठ्याने आणि मयताच्या समोर.

रावजीने आपली सही पाहिली. तीच होती. त्याने आयुष्यात गाडीच्या कागदांवर हजारो वेळा सही केली होती आणि एकीबद्दलही त्याला कुणी कधी बोलावून विचारलं नव्हतं.

"वाचतो," तो म्हणाला, आणि चपला घालून निघाला.

वसंताने हे पुस्तक जूनमध्ये घेतलं होतं. कारण एवढंच, की ते आणल्यापासून कुणी नेलेलं नव्हतं. त्याच्या कार्डावर एकही तारीख नव्हती. पॅसेंजर नाही म्हणून गाडी रद्द करायची नसते, असं तो बाईंना म्हणाला आणि पुस्तक पिशवीत घालून घरी गेला. मूळ पुस्तक जर्मनीतल्या एका तत्त्वज्ञाचं होतं. माणूस असतो म्हणजे काय करतो, असा त्याचा विषय होता. मराठी भाषांतर एका शास्त्रीबुवांनी केलं होतं आणि त्यासाठी लागतील तसे शब्द त्यांनी स्वतः तयार केले होते. ते शब्द त्यापूर्वी कुणी वापरले नव्हते आणि नंतरही नाहीत.

गुरवांच्या घरी वसंता लोखंडी खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. डोळे मिटलेले, अंगात पांढरा सदरा. उजवा गुडघा एकसारखा हलत होता. जिवंतपणी त्याला ही सवय नव्हती. हातात तिकिटं टोचायचा चिमटा होता. निवृत्तीनंतर चिमटा परत करायचा असतो, तो त्याने केला नव्हता. वाचून झालेलं प्रत्येक पान तो कोपऱ्यात टोचत असे. त्यामुळे तो कुठवर आला होता हे शोधावं लागलं नाही.

त्याची बायको शालिनीवहिनी दारात उभी होती. कपाळावर कुंकू होतं. गुरवांच्या भाऊबंदांत त्यावर सकाळी चर्चा झाली होती आणि पुस्तक परत जाईपर्यंत कुंकू राहील असं ठरलं होतं. ताम्हणे मास्तरांच्या बायकोचं ती जाईपर्यंत राहिलं होतं, हा दाखला सगळ्यांना मान्य झाला.

"ट्रंकेची किल्ली कुठे आहे विचारलं," ती रावजीला म्हणाली. "बोलत नाहीत."

"नाही बोलणार. पुस्तकातलं विचारा, वहिनी. तेवढंच बोलता येतं."

तिने मान हलवली. कुलूप तोडून घेते म्हणाली.

रावजीने खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली. समोर भिंत असली की त्याला बसवत नसे, काच लागे. त्याने चष्मा लावला आणि जिथे भोकं संपली होती तिथून सुरुवात केली. पहिलं वाक्य पानभर होतं. क्रियापद पुढच्या पानावर होतं. तिथे पोहोचेपर्यंत वाक्याच्या गाडीत कोण कोण बसलं होतं ते रावजी विसरला. खाटेच्या दांड्यावर चिमटा एकदा वाजला.

एकदा वाजलं की थांबायचं, दोनदा वाजलं की गाडी सोडायची. रावजीचा पाय आपोआप दाबला गेला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"परत वाच, नाना," वसंता म्हणाला. रावजीला तो नानाच म्हणायचा. त्याचा आवाज होता तसाच होता, फक्त मध्ये श्वास नव्हता. "'फेकलेपण' वर तू थांबला नाहीस. तिथे माणसं होती."

रावजीने परत वाचलं. मग पुन्हा एकदा. फेकलेपण म्हणजे काय, असं त्याने विचारलं. माणूस जगात येतो तो तिकीट काढून येत नाही, वसंता म्हणाला. डोळे उघडतो तेव्हा गाडी आधीच रस्त्याला लागलेली असते. रावजीने यावर विचार केला आणि हे लिहायला एवढं वाक्य कशाला लागलं, असं विचारलं. वसंताचा चिमटा दोनदा वाजला. रावजीने पुढे वाचलं.

पहिल्या दिवशी दोन पानं झाली.

रावजी हलक्या हाताने काम करणारा माणूस नव्हता आणि त्याला नुसतं बसून राहायची सवयही नव्हती. वाचताना त्याचे पाय चालत. अवघड वाक्य आलं की डावा पाय क्लचवर जाई आणि हात गिअर शोधी. घरी गेला तरी त्याला जेवण जाईना. अंगणात येऊन तो उभा राही, परत आत जाई, पुन्हा बाहेर येई. सून म्हणाली, बाबांना काय झालंय. मुलगा म्हणाला, वाचतायत.

दुसऱ्या आठवड्यात त्याने हिशेब मांडला आणि त्याला दिसलं की या वेगाने एकतीस तारखेला पुस्तक संपत नाही. मोजदाद त्या दिवशी संध्याकाळी पाचला सुरू होणार होती. रावजी कधी उशिरा पोहोचला नव्हता. घाटात झाड पडलं होतं तेव्हा त्याने पॅसेंजर उतरवून झाड बाजूला केलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गुरवांकडे गेला, पुस्तक उघडलं आणि सरळ वाचत सुटला. चिमटा वाजला, तो थांबला नाही. पुन्हा वाजला. त्याने आवाज वाढवला. एक प्रकरण संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. घामाने सदरा भिजला. दुपारी तो उठला तेव्हा त्याला बरं वाटत होतं.

सकाळी पाहिलं तर त्यातल्या एकाही पानाला भोक नव्हतं.

"नाना," वसंता म्हणाला, "तू गाडी रिकामी नेलीस."

बेल नसताना गाडी सोडणं काय असतं हे रावजीला कुणी सांगायची गरज नव्हती. उभ्या नोकरीत ते त्याने केलं नव्हतं आणि आता म्हातारपणी, कंडक्टर मेलेला असताना, केलं होतं. त्याने पानं उलटी घेतली आणि पहिल्या स्टॉपवर येऊन उभा राहिला.

त्यानंतर वाचन बरं चाललं. पूर्ण कळत होतं असं नाही, पण कुठे थांबायचं ते कळू लागलं. 'कशाचीच नसलेली बेचैनी' असं एक प्रकरण होतं. भीती कशाची तरी असते, ही कशाचीच नसते, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचताना रावजीचे पाय एकदम थांबले. त्याने पुस्तक मांडीवर ठेवलं.

पाटणवाडीला मुक्कामाची गाडी लागायची, तो म्हणाला. टायर बघितले, पाणी बघितलं, ब्रेक बघितला. सगळं ठीक. तू टपावर झोपायचास. मी खाली गाडीभोवती फिरत राहायचो. काही झालेलं नसायचं. होणारही नसायचं. तरी फिरायचो.

"मला माहीत आहे," वसंता म्हणाला. "हेच ते प्रकरण आहे."

चिमटा दोनदा वाजला आणि पानाला भोक पडलं. एवढ्या वर्षांत हे आपण एकमेकांना का बोललो नाही, असं विचारायचं रावजीच्या तोंडावर आलं होतं. पण ते पुस्तकातलं नव्हतं, म्हणून त्याने विचारलं नाही.

याच सुमारास त्याच्या लक्षात आलं, की चहा भलत्या वेळी येतो. वाक्य मध्यावर आलं की शालिनीवहिनी कप घेऊन उभी. मग पोहे. मग शेजारणीने काहीतरी विचारलंय म्हणून हाक. एकदा चष्मा सापडेना आणि तो पिठाच्या डब्यामागे निघाला. रावजी वाचून गेला की ती पाट घेऊन खाटेजवळ बसायची, पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला पुस्तकातलं विचारायची, आणि तो सांगत राहायचा. गल्लीतून जाताना रावजीला दोघांचे आवाज ऐकू यायचे.

नाताळच्या सुट्टीत एक दिवस तिने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"एकतीस तारीख जाऊ द्या, भावजी," ती म्हणाली.

"गहाळ लिहितील."

"लिहू देत."

रावजी तिच्या कपाळाकडे बघणार नव्हता, पण बघितलं गेलं.

"त्याच्यासाठी नाही," ती म्हणाली. "ते मी आत्ता पुसते, म्हणत असाल तर. एकोणतीस वर्षं हे घरी आले, जेवले, झोपले. बोलले तर रस्ता कुठे खचलाय तेवढं बोलले. तुमच्याशी तरी काय बोलले असतील ते तुम्हालाच माहीत. आता मी विचारते आणि हे उत्तर देतात. काल मला सांगत होते, माणूस चारचौघांत असला की तो त्याचा नसतो, चारचौघांचा असतो म्हणून. तुम्हाला बोलले होते असं कधी?"

"नाही."

"मग? बसू देत की खाटेवर. जागा माझी अडतेय. पुसून घेईन मी दिवाळीला."

रावजी घरी न जाता डेपोवर गेला आणि फाटकाशी उभा राहिला. गाड्या सुटत होत्या. पाटणवाडीची गाडी लागली, भरली, कंडक्टरने दार ओढलं, दोन बेल दिल्या, गाडी गेली. रावजी तिथेच येरझाऱ्या घालत राहिला. त्याला वसंताचा हलणारा गुडघा दिसत होता. झोपेतही तो थांबत नाही, असं वहिनीच म्हणाली होती, म्हणजे मेलेला माणूस झोपतो त्या वेळी. ताम्हणे मास्तरांचा हात असाच हलतो. बावीस वर्षं झाली. खुर्चीच्या हातावर खड्डा पडलाय. पण वसंताला विचारायची सोय नव्हती. तुला जायचंय का राहायचंय, हे पुस्तकाबाहेरचं झालं असतं.

दोन दिवस तो गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी गेला, खुर्ची खिडकीकडे न ठेवता खाटेकडे तोंड करून ठेवली आणि वहिनीला समोर बसायला सांगितलं. ती कणीक मळत होती, परात घेऊन बसली.

पुढचं प्रकरण शेवटाबद्दल होतं. रावजीने वाचलं. माणसाची सगळी कामं दुसऱ्याला वाटून देता येतात, असं त्यात होतं, पण त्याचा स्वतःचा शेवट हे असं काम आहे की त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव घालता येत नाही. क्रियापद त्याच पानावर होतं. चिमटा वाजायच्या आधीच रावजी थांबला.

"वसंता, हे पान समजावून सांग. मलाही, वहिनींनाही."

गुडघा हलत होता. "ड्युटीला बदली मिळते, नाना," वसंता म्हणाला. "रजेवर गेलो तर मिळते. आजारी पडलो तर मिळते. वाचायलासुद्धा तू मिळालास. ह्याला मिळत नाही. हे ज्याचं त्याने करायचं असतं, असं हा माणूस म्हणतो."

"आणि त्याला ते करूच दिलं नाही तर?"

"पुढचं पान वाच," वसंता म्हणाला. रावजीने वाचल्यावर त्याने सांगितलं, "मग तो धड असत नाही आणि नसतही नाही. नुसती बेचैनी राहते. ती सोसवत नाही, असं इथे लिहिलेलं नाही. पण ज्याने लिहिलं त्याला ते माहीत असावं."

परातीतला हात थांबला. वहिनी नवऱ्याच्या गुडघ्याकडे बघत होती. रावजीने मान खाली घातली आणि पुस्तकाची शिवण बघत बसला. तिने हाताची कणीक सोडवून गोळा केली, परातीवर ताट झाकलं आणि चुलीवरचा चहा उतरवून ठेवला.

"पुढचं वाचा, भावजी," ती म्हणाली. "थांबू नका आता."

त्यानंतर चहा आला नाही. कुणी दार वाजवलं तर ती बाहेर जाऊन परत पाठवायची. उजेड कमी झाला की दिवा लावायची आणि रावजीच्या खांद्याशी धरायची. प्रोफेसर एकदा येऊन दोन अवघड शब्दांचे अर्थ कागदावर लिहून देऊन गेले, त्यामुळे सबंध सकाळभराचा वेळ वाचला. रावजीचा आवाज बसला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून तो वाचत राहिला. एकतीस तारखेला, शनिवारी, जेवणाच्या सुमारास, शेवटचं पान आलं.

त्याने चष्मा पुसला. वहिनी म्हणाली, जरा थांबा. ती खाटेजवळ गेली.

"ह्या पुस्तकात बायकोबद्दल काही आहे का हो?" तिने विचारलं.

वसंताने डोकं भिंतीवरून किंचित पुढे आणलं.

"नाही," तो म्हणाला. "सगळं बघितलं मी. आधीच्या अर्ध्यातही नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "चूक आहे ती ह्या पुस्तकातली. असायला हवं होतं."

तिने पदर तोंडाशी धरला आणि रावजीला हाताने खूण केली.

रावजीने शेवटचं पान वाचलं. घाई केली नाही. शेवटचं वाक्य प्रश्न होता. उत्तर खाली नव्हतं, मागच्या कोऱ्या पानावरही नव्हतं. त्याने पान उलटून खात्री केली. मग तो वाट पाहत राहिला. चिमटा दोनदा वाजला आणि पानाला भोक पडलं. वसंताचा गुडघा थांबला. त्याने चिमटा उशीशी ठेवला, पाय वर घेतले आणि स्वतःच आडवा झाला.

वहिनीने मोरीत जाऊन चेहरा धुतला. बाहेर आली तेव्हा कपाळ कोरं होतं. बांबू आले, मडकं आलं. नगरपालिकेचा माणूसही आला, पण शेरा अजून खोडलेला नव्हता म्हणून परवाना हातात धरून तोही बरोबर निघाला. वाचनालय स्मशानाच्या वाटेवर होतं. रावजीने पुस्तक बगलेत धरलं आणि पुढचा उजवा खांदा घेतला. वाटेत दोघातिघांनी खांदा बदलू का विचारलं, त्याने नाही म्हणून मान हलवली.

तिरडी वाचनालयाच्या दाराशी थांबली तेव्हा पाच वाजायला थोडा वेळ होता. आत मोजदादीसाठी टेबलं लावलेली होती. पाटणकरबाई शिक्का घेऊन पायरीवर आल्या. रावजीने खांदा न सोडता पुस्तक पुढे केलं. बाईंनी पानं उलटत नेली, शेवटच्या पानाचं भोक उजेडासमोर धरून पाहिलं, कार्डावर 'वाचून परत' असा शिक्का मारला आणि जामिनाच्या सहीवर आडवी रेघ ओढली. नगरपालिकेच्या माणसाने शेरा खोडून परवाना दिला. रावजीचं देणं फिटलं.